जगाच्या समस्या आमच्या घरी

दाजी पाणीखात्यात व्हॉल्व्हमन होते. शहरातल्या रस्त्यांखाली बासष्ट व्हॉल्व्ह, ते लांब लोखंडी किल्लीने उघडायचे आणि बंद करायचे. कुठला किती फेरे फिरवायचा हे त्यांच्या डोक्यात नव्हतं, पायांत होतं. खुर्चीत बसवून विचारलं तर तिसऱ्या व्हॉल्व्हलाच गाडी अडायची. रस्त्यावर सोडलं की बासष्टच्या बासष्ट, फेऱ्यांसकट बिनचूक.

मी त्यांचा मेहुणा. ताईकडे चार दिवसांसाठी आलो होतो, त्याला अकरा वर्षं झाली.

त्या वर्षी खात्याने सगळे व्हॉल्व्ह बटणांवर चालवायचं ठरवलं. दाजींसमोर दोनच वाटा राहिल्या. एक, शहरातल्या कंट्रोल रूममध्ये बसून बटणं दाबायची. दुसरी, धरणाजवळच्या पंपावर जायचं, घरापासून नऊ तासांवर, निवृत्तीपर्यंत. म्हणजे सहा वर्षं. तिथे एका माणसाची खोली, कुटुंबाला जागा नाही. कंट्रोल रूम हवी असेल तर इंग्रजीची तोंडी परीक्षा पास व्हायची. विषय : जगापुढील सामाजिक व पर्यावरणीय समस्या. बटण दाबण्याशी याचा काय संबंध, असं एका फिटरने विचारलं होतं. त्याची पंपावर बदली परीक्षेआधीच झाली.

शिकवणीचं काम माझ्या भाचीने घेतलं. कॉलेजात होती, आणि बापाला गप्प बसवायची अशी संधी तिला पुन्हा मिळणार नव्हती. तिने शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक समस्येचं आधी नाव, मग कारण, मग उपाय. आठवडाभर दाजी टेबलाशी बसले. आठव्या दिवशी तिने विचारलं, "अनएम्प्लॉयमेंट म्हणजे काय, बाबा?"

दाजींनी छताकडे पाहिलं. छताला येत नव्हतं.

"जाऊ दे गं," ते म्हणाले. "मी पंपावर जातो. पंपाला इंग्रजी लागत नाही."

यावर ताईने ताट जरा जोरात ठेवलं. आमच्या घरात हे बोलण्यापेक्षा जास्त धरतात.

तोडगा मी काढला. हे मी दरवेळी सांगतो, आणि दरवेळी कुणीतरी विषय बदलतं. मी म्हटलं, "अगं, त्यांचं डोकं पायांत आहे. त्यांना बसवू नकोस, फिरव. शब्द रस्त्यावर ठेव."

"रस्त्यावर कसे ठेवू, मामा?"

"मग घरात ठेव. माणसांवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे छातीवर चिठ्ठ्या टाचून बसलो. दाजींचे वडील, म्हणजे आबा, यांना ग्लोबल वॉर्मिंग मिळालं. त्यांचं तापमान दरवर्षी थोडं थोडं वाढत होतं आणि सुरुवातीला कुणी ते मनावर घेतलं नव्हतं. दाजींच्या आत्याबाईंना नॉइज पोल्युशन. भाचीकडे वॉटर स्केर्सिटी, कारण ती न्हाणीघरात शिरली की खालच्या मजल्याचे नळ कोरडे पडत. माझ्या वाट्याला दोन आले. अनएम्प्लॉयमेंट छातीवर आणि डिफॉरेस्टेशन टकलावर, चिकटपट्टीने.

ताईला कुठला शब्द द्यायचा, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. तिने स्वतःच यादी वाचून घेतली, अर्थ विचारले आणि इनइक्वॅलिटीवर बोट ठेवलं.

"हा द्या. पाच जण बसलेत, एकटी उभी आहे."

मग दाजी किल्ली खांद्यावर टाकून निघाले. आबांपाशी थांबले, किल्ली टेकवली, नाव घेतलं, कारण सांगितलं, उपाय सांगितला, पुढे. आबा म्हणाले, "अरे, बापाला गज टोचतोस?" दाजी म्हणाले, "तापमान वाढतंय," आणि आत्याबाईंकडे वळले. महिनाभर रोज सकाळी ही फेरी झाली. एक शब्द चुकेना. एक खोट मात्र राहिली होती आणि ती आमच्या लक्षात आली नाही. कारणं आणि उपाय दाजी पुस्तकातले सांगत नव्हते. ज्याचे त्याचे सांगत होते.

परीक्षेला मी सोबत गेलो. बाहेर बाकावर बसलो. खोलीतला पंखा बंद होता म्हणून दार सताड उघडं होतं. आत तीन परीक्षक. दोन साहेब आणि मधोमध चष्म्याच्या बाई, कंट्रोल रूम त्यांच्याच ताब्यात.

बाईंनी इंग्रजीत ग्लोबल वॉर्मिंगचं कारण विचारलं. दाजींनी इथल्याही छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "मॅडम, मे आय वॉक?"

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "वॉक."

दाजी उठले, रिकाम्या खुर्चीपाशी जाऊन थांबले आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "ग्लोबल वॉर्मिंग. कॉज, टी नॉट ऑन टाइम. सोल्यूशन, टी."

मी बाकावर डोकं धरलं. एका साहेबाला खोकला लागला.

"नॉइज पोल्युशन," दाजी कपाटापाशी पोचले होते. "शी इज एटी-टू. कॉज, नोबडी लिसन. सोल्यूशन, सिट निअर."

"अँड अनएम्प्लॉयमेंट?" दुसऱ्या साहेबांनी विचारलं. त्यांना आता मजा येत होती.

दाजी खिडकीपाशी गेले. "इलेव्हन इयर्स," ते म्हणाले. "नो सोल्यूशन. बट गुड मॅन, सर. चिल्ड्रन लाइक. डोन्ट थ्रो."

मला त्या बाकावर उगाच नाक पुसावं लागलं. बाहेर धूळ फार होती.

बाई हसत नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "व्हॉट अबाउट मायग्रेशन?"

दाजी थांबले. इकडे वळले, तिकडे वळले. हा शब्द कुणाच्याच छातीवर नव्हता. भाचीने तो यादीतून गाळला होता, कारण आमच्या घरातून कुणी कुठे गेलंच नव्हतं. माझ्यासारखे उलट आले होते.

"म्हणजे काय, मॅडम?" दाजींनी सरळ मराठीत विचारलं.

बाईही मराठीत म्हणाल्या, "पोटासाठी माणूस घर सोडून लांब राहायला जातो, ते."

दाजी परत खुर्चीत येऊन बसले. फिरायची गरज उरली नव्हती.

"मॅडम, धिस इज मी," ते म्हणाले. "आय फेल, मंडे आय गो. नाउ सिक्स इन हाउस. देन फाइव्ह. बट वाइफ कुक फॉर सिक्स. शी डोन्ट नो स्मॉल पॉट."

"सोल्यूशन?" बाईंनी हळू विचारलं.

"आय डोन्ट नो, मॅडम. यू नो."

बाईंनी कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं.

निकाल अर्ध्या तासात लागला. शेरा मी स्वतः वाचला : 'व्याकरण नाही. उच्चार सुमार. उमेदवाराचं म्हणणं पूर्णपणे समजतं. पास.'

घरी पोचल्यावर पास झाल्याचं सांगून मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. आत काय काय झालं ते सगळं सांगितलं. आबा उसळले, "चहासाठी तापतो मी? सरकारी कागदावर?" आत्याबाईंना बेअब्रूचं काही नव्हतं, पण वय का सांगितलंस, एक्क्याऐंशीच आहेत, यावर त्या बसल्या त्या उठेचनात. भाची म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला कार्बनचं सगळं शिकवलं होतं!" दाजी बूट काढत होते आणि सगळ्यांना मान डोलावत होते.

ताई तेवढी ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. भांडण जरा ओसरल्यावर तिने विचारलं, "म्हणजे सोमवारी?"

"सोमवारी आठला कंट्रोल रूम. चालत बारा मिनिटं."

"बारा मिनिटं?" ती म्हणाली. वळली मात्र नाही. "मग डबा कशाला? दुपारी जेवायला घरीच या."