आप्पांच्या तराजूची किंमत

धाकट्याला मिळायचं होतं ते असं: दुकानावरच्या दोन खोल्या, किंमत दोन लाख चाळीस हजार, शिवाय वडिलांच्या हत्यारांची निम्मी किंमत रोख, म्हणजे साडेचार हजार. पदरचं द्यायचं काहीच नव्हतं. वडिलांच्या, आप्पांच्या, आजारपणात तो तीनदा येऊन गेला होता. खेपेला ऐंशी हजारांच्या वर पडले. एवढा भाव चांगल्या वकिलालाही मिळत नाही.

थोरलीच्या वाट्याला खालचं दुकान होतं, तेही तेवढ्याच किमतीचं, आणि आतली हत्यारं. तिला सगळी गल्ली ताईच म्हणायची. ती चौदाव्या वर्षापासून त्याच दुकानात बसत आली होती, त्यामुळे तिच्या खेपा कोणी मोजल्या नाहीत.

दुकान वजनकाटे दुरुस्तीचं. सोनार असो, औषधवाला असो, धान्यवाला असो, ज्याचा काटा खोटं बोलायला लागला तो आप्पांकडे यायचा. आप्पा वजनाला कधी बोट लावू देत नसत. चिमटाच हवा. घामालाही वजन असतं, आणि ते गिऱ्हाइकाच्या माथी मारायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. धाकट्याला लहानपणापासून या ठोकाठोकीच्या दुकानाची लाज. हपिसात त्याने वडिलांचा 'मशिनरीचा व्यवसाय' आहे असं सांगून ठेवलं होतं.

आप्पा गेले आणि दोन महिन्यांनी वारसा कराची नोटीस आली. नियम सोपा होता. मागे राहिलेलं सगळं मिळून पाच लाखांच्या आत असेल तर कर माफ. वर गेलं तर वरच्या रकमेवर शेकडा दहा. जागेचे चार लाख ऐंशी हजार आधीच लागले होते. हत्यारं वीस हजारांत बसली की सुटका.

मूल्यांकन करायला आलेले साहेब भले गृहस्थ होते. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी दुकानावर एक नजर टाकली, पितळेची वजनं, लोखंडी दांड्या, कानशी, काचेच्या पेटीतला तराजू, सगळं मिळून किती किलो भरेल ते विचारलं आणि कागदावर लिहिलं: जुनं पितळ व लोखंड, भंगार भावाने नऊ हजार. मग धाकट्याकडे पाहून हळूच मान हलवली. माणूस आपल्यासाठी काय करतोय ते धाकट्याला कळलं. त्याने साहेबांसाठी खुर्ची पुसली आणि चहा मागवला.

ताईने कागद उचलून वाचला आणि परत ठेवला.

"साहेब, हे वजन कमी भरतंय."

धाकट्याने तिला कोपऱ्यात घेतलं. त्याचं म्हणणं रास्त होतं आणि त्याने ते रास्तपणे मांडलं. चौकातल्या मोठ्या दुकानाचे शेठ आप्पांच्याच महिन्यात गेले. चार मजले, दोन गोदामं. वारसांनी कर किती भरला? शून्य. कारण सगळं कंपनीच्या नावावर. शेठच्या अंगावर मरताना घड्याळसुद्धा स्वतःचं नव्हतं. श्रीमंत माणूस मरतच नाही, ताई, त्याची फक्त सही बदलते. आणि आप्पांनी जन्मभर काडेपेटीवर कर भरला, साबणावर भरला, पावावर भरला, शेठएवढाच, पैचा फरक नाही. आता एकदा, एकच वेळ, सरकारला चकवायची संधी आली आहे आणि तीही सरकारच देतंय.

साहेबांना हे ऐकू जात होतं. ते म्हणाले, काडेपेटी कोणाच्या हातात आहे हे कर बघत नाही, हे खरंच आहे. आपल्यालाही ते पटत नाही. म्हणूनच तर भंगार लिहिलं.

ताई म्हणाली, कर अन्यायाचा आहे याबद्दल तिचं भावाशी भांडण नाही. हवं तर दोघं मिळून अर्ज करू, मोर्चात जाऊ. "पण कर जड आहे म्हणून आप्पांना हलकं करायचं? ते मी नाही करणार."

"अगं, कागदावरच ना?"

"आप्पा दुसरं काय बघायचे? काट्यावर जे दिसेल ते कागदावर."

मग तिने काचेच्या पेटीचं दार वर सरकवलं. आतला तराजू आप्पांनी स्वतः केला होता, चार वर्षं घासून घासून, इतर कामं सांभाळून. ताईने साहेबांच्याच वहीतला चिठ्ठीएवढा कोरा कागद मागितला, चिमट्याने एका पारड्यात ठेवला आणि दुसऱ्या पारड्यात केसासारख्या बारीक वजनांनी त्याची बरोबरी केली. काटा मधोमध थांबला. तिने कागद काढला आणि साहेबांना त्यावर सही करायला सांगितली.

साहेबांची सही चांगली लांब होती, शेवटी दोन टिंबं आणि खाली रेघ. पेन ठेवून ते कागद उचलायला गेले तर ताईने हात आडवा केला.

"वाळू द्या. ओल्या शाईचं वजन आप्पा धरत नसत."

तिघं कागदाकडे बघत उभे राहिले. चहा आला, कोणी घेतला नाही. मग ताईने कागद चिमट्याने पुन्हा पारड्यात ठेवला आणि दार खाली केलं.

काटा आधीच्या जागी थांबला नाही. सावकाश, काही घाई नसल्यासारखा, दोन रेघा बाजूला जाऊन थांबला.

साहेब वाकले. बांधलेली काडी सावरून त्यांनी पुन्हा पाहिलं. पस्तीस वर्षं ते सही करत आले होते. तिला वजन असतं हे आज पहिल्यांदाच कोणी दाखवलं होतं. त्यांनी विचारलं, याला गिऱ्हाईक आहे का? ताईने फडताळातून एक पत्र काढलं. औषधांच्या एका प्रयोगशाळेने आप्पांना सहा वर्षांपूर्वी लिहिलेलं: तराजू आणि वजनांचा संच, एक लाख दहा हजार, द्यायचा का? खाली आप्पांच्या अक्षरात उत्तराची नक्कल होती. नाही. मुलगी वापरते.

साहेबांनी 'भंगार' शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिलं: अचूक तराजू, हाताने घडवलेला, संचासह, एक लाख दहा हजार. बाकीच्या दांड्या आणि कानशींना त्यांनी किंमत लावली नाही. तेवढी दया ताईने चालवून घेतली. त्या कानशी खरंच झिजल्या होत्या.

एकूण पाच लाख नव्वद हजार. वरच्या नव्वदवर कर नऊ हजार. भंगारवाला सगळ्याचे देणार होता तेवढेच.

साहेब गेल्यावर धाकट्याने डोक्याला हात लावला. नऊ हजार गेले, वडिलांच्या एका तराजूच्या मानापायी. तो बराच वेळ बोलला. ताई वजनं एकेक करून पेटीत ठेवत होती. त्याचं बोलून संपल्यावर ती म्हणाली, "तुझे पंचावन्न हजार एकदम नाही जमायचे. महिन्याला हजार देईन."

"कसले पंचावन्न?"

"हत्यारांची निम्मी किंमत. ठरलंय ना आपलं?"

धाकटा हिशेबाच्या खात्यात नोकरीला होता, हे सांगायला हवं. पगार त्याला बेरीज-वजाबाकीचा मिळत असे. तरी करातले नऊ हजार वाचवण्याच्या भरात आपण स्वतःचे पन्नास हजार पाचशे घालवायला निघालो होतो, हे त्याला आत्ता दिसलं. आणि ताईला ते पहिल्यापासून दिसत होतं, कागद परत ठेवला त्याच्याही आधी. भंगार म्हणाली असती तर साडेचार हजारांत तिचा तराजू तिला मिळाला असता, भावाच्या आनंदाने, सरकारच्या आशीर्वादाने.

त्याने ते पैसे नको म्हणून पाहिलं. ताईने ऐकलं नाही. मी आप्पांचं माप कमी घेतलं नाही, आता तू माझं कमी घेऊ नकोस, म्हणाली. भाऊ असलास तरी.

धाकटा खुर्चीवर बसला, तीच खुर्ची, जी त्याने साहेबांसाठी पुसली होती. थोड्या वेळाने त्याने वहीच्या पानाचा चिठ्ठीएवढा तुकडा फाडला, ताईकडून कोराच तोलून घेतला, सही केली, फुंकर मारायला गेला आणि थांबला. पूर्ण वाळू दिली. मग चिमटा मागून घेतला. त्याची सही दीड रेघ भरली. साहेबांपेक्षा अर्धी रेघ कमी, पण त्याच्या चेहऱ्यावरून तसं वाटत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्याच्या हपिसात सगळ्यांना कळलं की त्याचे वडील वजनकाटे दुरुस्त करायचे, आणि त्यांनी घडवलेला तराजू सही तोलतो. लोक ऐकून कंटाळले तरी तो सांगत राहिला.

आता हिशेब. वारसा कर नऊ हजार: सगळा धाकट्याने भरला, ताईला न विचारता, आणि पावती तिच्या फडताळात त्या पत्रावर ठेवून गेला. तराजूची निम्मी किंमत पंचावन्न हजार: ताई भरते आहे, सव्वीस हप्ते झाले, एकही चुकला नाही. साहेबांनी चहाचे पैसे स्वतः दिले, न पिता. चौकातल्या शेठच्या वारसांनी वारसा कर भरला शून्य. मात्र मागच्या महिन्यात त्यांचा मोठा काटा किलोमागे वीस ग्रॅम माल कमी देताना सापडला, तो ताईकडे आला. दुरुस्तीचे तीनशे, वर कर छत्तीस. ताईने दोन्ही मोजून घेतले आणि छत्तीस सरकारात भरले.