मेंदूची गोळी

दुपारचे अडीच वाजले होते. सकाळपासून उभं राहून औषधवाल्या बाईंचे पाय भरून आले होते. ज्याला त्याला डॉक्टर टाळून दुकानातच बरं व्हायचं होतं. पूर्वी त्या समजावत. आता मागेल ते पाकीट काढून देत. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?

समोरच्या टेलरमास्तरांची बायको लगबगीने आली.

"ताई, यांची ती मेंदूची गोळी द्या. आज दोन द्याव्यात म्हणते."

बाईंचा हात सवयीने फळीकडे गेला. "दोन का हो वहिनी?"

"अहो, एक वाजता कापड कापताना हातातली कात्रीच गळाली. उजवा हात उचलेना, बोलणंही बोबडं. मी म्हटलं, भरदुपारी घेतलीत की काय! तर वाकड्या तोंडाने हसले. एक गोळी देऊन निजवलंय."

"वहिनी, हा पक्षाघाताचा झटका आहे! दीड तास झाला आणि तुम्ही..."

"पण गोळी चालू आहे ना! मागे पाच मिनिटं हात बधिर झाला, तेव्हा तुम्हीच दिलीत. म्हणालात, मेंदूचं रक्षण करते."

खरं होतं. खोक्यावरचं वाक्य त्यांनी जसंच्या तसं वाचून दाखवलं होतं. ती पाच मिनिटं धोक्याची सूचना होती, आणि त्यांनी मास्तरांना गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं.

"आता त्यांच्या तोंडात पाणीसुद्धा घालू नका!" म्हणत बाईंनी रुग्णवाहिकेला फोन लावला, दुकानाचं शटर ओढलं आणि सोबत गेल्या.

रुग्णालयात मेंदूचं स्कॅन झालं. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वेळेत देता आलं. मग डॉक्टरीणबाई बाकावर येऊन टेकल्या. त्यांचेही डोळे तारवटलेले होते.

"आणि त्या गोळ्या?" बाईंनी विचारलं.

"श्वास कोंडलेल्या माणसाला टॉनिक पाजण्यातला प्रकार! रक्तच पोचत नसेल तर गोळी काय करणार? उंदरांना तारणारी कितीतरी औषधं माणसांवर फोल ठरली. शोध चालू आहे, उद्या सापडेलही. पण आज तुमच्या गोळीने आजार गेला नाही, नुसती भीती गेली. म्हणून ते मागच्या वेळीच इथे आले नाहीत."

"सांगून सांगून थकले होते हो मी."

"मीही थकलेय, बाई. पण थकवा आपला आणि हात त्यांचा गेला."

तिसऱ्या दिवशी मास्तरांची जीभ वळू लागली. बोटं हलत होती, कात्री मात्र धरवत नव्हती. ती पुन्हा धरता येईल की नाही, हे डॉक्टरीणबाईही सांगू शकल्या नाहीत. "आता उसवायची कामं घेईन," मास्तर म्हणाले. बायको हसली. बाईंना हसू आलं नाही.

त्यानंतर दुकानात मेंदूची गोळी मागणाऱ्याला बाई आधी 'कुणाला, काय होतंय, कधीपासून?' असं विचारू लागल्या. पाय तसेच भरून येत, गिऱ्हाईकं वैतागत, काही दुसऱ्या दुकानात जात. बाई विचारत राहिल्या.

वाचकहो, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, की घड्याळ बघा आणि थेट मोठं रुग्णालय गाठा. हे सगळं पाच मिनिटांत ओसरलं, तरीसुद्धा जा! झटका आल्यावर मेंदूचं रक्षण करणारी गोळी अजून कुणाच्याच फळीवर नाही.