नकाराची सोय

बाराच्या सुमारास कोपरहून शेवंतीताईंचा फोन आला. रुग्णसेविका प्रशिक्षणासाठी बायकांची नोंदणी त्या आपल्या केंद्रात करून देतात. नोंदणीची वेबसाइट कोलशेतच्या आमच्या ऑफिसात विनीतनं आणि मी केलेली.

"मृणाल, पहिलं पान भरलं की दुसरं कोरंच येतंय. नुसतं पांढरं. बायका कामावर खाडा करून बसल्यात, आणि संध्याकाळी नोंदणी बंद."

दोन-तीन प्रश्नांत कारण कळलं. पहिल्या पानावरची माहिती आम्ही सेशन स्टोरेजमध्ये, म्हणजे टॅब उघडा असेपर्यंत ब्राउझर देतो त्या कप्प्यात, ठेवत होतो. शेवंतीताईंनी केंद्रातल्या कॉम्प्युटरवर कुठल्याही साइटला काही साठवायची बंदी केलेली. कप्पा मिळाला नाही की आमचा कोड तिथंच आडवा पडत होता.

"त्यांना सांग ना, सेटिंग बदला," विनीत म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"नाही सांगणार. तिथं नवऱ्यापासून लपून राहणाऱ्या एकीचा नवा पत्ता त्याच कॉम्प्युटरवर पुढच्या माणसाला दिसलेला, आणि तो निघाला तिच्या नवऱ्याचा दोस्त. बंदी बरोबरच आहे. चूक आपली."

"मग माहिती ठेवायची कुठे?"

मी पूजा झाल्याशिवाय अन्न घेत नाही. प्रवासात, आजारपणात देव्हारा कुठला? तेव्हा मानसपूजा करते. फुलं मनातली, दिवाही मनातला. विनीतला तेच सांगितलं. आधी कप्पा मागायचा. नकार आला तर कोसळायचं नाही, माहिती पानानं आपल्याच स्मृतीत धरायची. अर्जाची तिन्ही पानं एकाच पानात आणली की मध्ये काही सांडायचा प्रश्नच नाही.

"आणि कोणी रिफ्रेश केलं तर?"

"तर गेलं. तंद्री मोडली की मानसपूजाही पहिल्यापासून. म्हणून तसं ठळक लिहायचं."

"फंक्शनला नाव काय देऊ, मानसपूजा?"

"दे की. पुढच्याला कळेल असं वर दोन ओळी लिही म्हणजे झालं."

स्टोरेज बंद करून तपासलं, मग गच्च भरून तपासलं. तीनच्या आत बदल साइटवर चढवला आणि मी कोपर गाठलं.

कॉम्प्युटरसमोर नोंदणीला आलेल्या सखुबाई बसल्या होत्या, एका बोटानं टाइप करत. वर पिवळी पट्टी आली: 'या ब्राउझरने माहिती साठवायला नकार दिला आहे. अर्ज पूर्ण होईपर्यंत हे पान बंद करू नका.'

बोट थांबलं. "नकार? कोणी दिला?"

"मी दिला," शेवंतीताई मागून म्हणाल्या. "तुमच्याच भल्यासाठी. भरा तुम्ही."

"मग अर्ज होईल ना माझा?"

"होईल," मी म्हटलं.

दुसरा भाग आला, तिसरा आला. मागे जाऊन पाहिलं तर नाव, पत्ता जागच्या जागी. सखुबाईंनी बटण दाबलं आणि नोंदणी क्रमांक पडद्यावर उमटला. त्यांनी तो मोबाइलमध्ये टिपून घेतला, उठल्या, खुर्ची शेजारणीकडे सरकवली.

"बस गं. घाई करू नको, आणि पान तेवढं बंद करू नको."