कट्ट्यावरचा पाव

कार्ला फाट्यावर नंदाबाईच्या वडापावाच्या गाडीशेजारी तिच्या धाकट्या जावेनं, अनितानं, सॉसेज पावाची गाडी लावली आणि त्या दिवसापासून नंदाबाईच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या, त्या काही केल्या निघेनात.

अनिता आधी मळवलीच्या एका बंगल्यावर स्वयंपाकाला होती. तिथले पाहुणे चिकनचं सॉसेज नुसतं परतून ब्रेडमध्ये घालून खायचे. अनिताला ते आजाऱ्याचं जेवण वाटायचं. तिनं सॉसेजला चिरा दिल्या, लोण्यावर टाकलं, वर कांदा, ढोबळी मिरची आणि चांगला मूठभर कांदालसूण मसाला. त्या लालभडक मसाल्यात उघडा पाव दाबून भाजला की ठसका थेट रस्त्यापर्यंत जायचा आणि लोणावळ्याला निघालेली मोटारसायकलवाली पोरं आपोआप ब्रेक दाबायची.

त्यात तवा सासूचा. चूल वेगळी झाली तेव्हा म्हातारीनं तो धाकटीला दिला. नंदाबाईनं ज्या तव्यावर अख्खं तरुणपण भाकऱ्या थापून भाजल्या, त्याच्यावर आता कोंबडी लोळत होती. हे ती मेल्यावरही विसरणार नव्हती.

वाटण्यांत घर गेलं, हंडे गेले, परसातला शेवगासुद्धा अर्धा अर्धा झाला. वाटायचा राहिला तो पाव. बेकरीचा रज्जाक रोज सकाळी दोघींचा मिळून एकच क्रेट आणायचा. त्या बिचाऱ्यानं एकदा विचारलंही, "मावशी, दोघींचं येगळं येगळं टाकू का?"

"काय गरज न्हाई," नंदाबाई म्हणाली. "सगळा माज्या कट्ट्यावर ठेव. तिला पाव पायजे तर यील हितं आन वाकंल."

आणि अनिता यायची. गाडीपुढच्या त्या दगडी कट्ट्याशी वाकायची, आपल्या लाद्या उचलायची, आपल्या गाडीकडे परत जायची. नंदाबाई चहाचा घोट घेत ते वाकणं बघायची. तेवढ्या सुखावर बाईचा अख्खा दिवस जायचा. माणसाला सुखही कशाकशात सापडतं बघा.

मग तो रविवार आला. पुण्याचा प्रदीपशेठ लेणी बघायला येणाऱ्या मंडळींची बस घेऊन आला. मंडळी अंड्यालाही न शिवणारी. आजचा नाश्ता पसंत पडला तर दर रविवारी बस इथंच थांबणार, असं शेठ बोलला होता. अनिता आल्यापासून नंदाबाईचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं होतं. ही बस मिळाली तर गाडी तरणार, नाहीतर दिवाळीपर्यंत बंद करावी लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं पहाटे उठून गाडी धुतली, 'शुद्ध शाकाहारी' अशी नवी पाटी लावली.

मंडळी उतरली. वडे गरम, चटणी ताजी, सगळं झकास चाललं होतं. तेवढ्यावर थांबेल ती नंदाबाई कसली? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"तिकडच्या गाडीकडं फिरकू नका बरं," ती मोठ्यानं म्हणाली. "कोंबडी चिवडती ती. तिच्या हातचं आमी पानीबी पीत न्हाई. आमच्यातली न्हाईच ती."

अनितानं ऐकलं. उलथणं तव्यावर जरा जोरात आपटलं, एवढंच. पण तिच्यापुढे पोरांचा घोळका उभा होता आणि पाव संपला होता. ती नेहमीसारखी आली. मसाल्यानं आणि चरबीनं माखलेला हात तिनं सरळ कट्ट्यावरच्या क्रेटात घातला.

एका आजीबाईंचा घास तोंडाशीच थांबला.

"अहो, हा पाव..." प्रदीपशेठ पुढे आला. "ताई, तुमचा आणि यांचा पाव एकच?"

नंदाबाईच्या हातातला झारा कढईवर तसाच राहिला. तिनं जावेकडे पाहिलं. बाराही महिने जिला पाण्यात पाहिलं, तिच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागत होती ती. नाही म्हण गं. एकदा नाही म्हण.

अनिता सरळ उभी राहिली.

"व्हय, एकच," ती म्हणाली. "एकाच क्रेटातला. सख्ख्या जावा हाय आमी. येगळ्या कशा आसू?"

वडे कागदात तसेच राहिले. मंडळी चुळा भरून बसमध्ये बसली. प्रदीपशेठनं नंदाबाईला हात जोडले, पण पुढच्या रविवारचं नाव काढलं नाही. बस गेली.

"येक शबूद खोटं बोलली आसतीस तर जीभ झडली आसती का तुजी?" नंदाबाई किंचाळली. "सटवे, माजं घर बुडवलंस!"

"जाऊबाई, मला हितं वाकायला तुमीच लावलंत," अनिता म्हणाली. "रोज वाकले, तवा तुमी एकट्याच बगत व्हता. आज चार लोकांनी बगितलं." आणि राहिलेल्या लाद्यांतल्या आपल्या तेवढ्या मोजून उचलून ती गेली.

सोमवारी रज्जाकनं दोन क्रेट आणले. एक त्यानं अनिताच्या गाडीवर उतरवला. दुसरा कट्ट्यावर ठेवला. नंदाबाईनं चहा ओतून घेतला आणि सवयीनं कट्ट्याकडे तोंड करून बसली. चहा निवला, त्यावर साय धरली, तरी कुणी वाकायला आलं नाही. मग ती स्वतः उठली आणि पाव उचलायला वाकली. शेजारच्या तव्यावर उलथण्याची खटखट चालू होती. अनितानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.