मधुरचा धु

"हा घे, हाच धु," म्हणत यादव पेंटरांनी गठ्ठ्यातून एक कागद ओढून मुलापुढे सरकवला.

प्रशीलने कागद पाहिला आणि हातातली काच टेबलावर ठेवून दिली. कागदावर धु नव्हता, घु होता.

पिंप्राळ्यातल्या त्याच्या फ्रेमच्या दुकानात जुन्या नक्षीदार अक्षरांच्या नव्या छापील प्रती आल्या होत्या. एकेका कागदावर बाराखडीतलं एकेक अक्षर, आणि त्याभोवती वेली-पोपटांची अशी गर्दी की मूळ अक्षर हुडकावं लागे. रोनकशेठ धुळ्यात 'मधुर' नावाचं मिठाईचं दुकान काढत होता. आत लावायला त्याला म, धु आणि र अशा तीन फ्रेमा हव्या होत्या. कागद यादव पेंटरनानांनीच निवडायचे आणि बाहेरच्या भिंतीवरचं नावही त्यांनीच ब्रशनं लिहायचं, हा त्याचा हट्ट. त्याचे आजोबा रतनलाल यांच्या दुकानाची पाटी नानांच्याच हातची होती.

फ्लेक्सनं यादवांच्या पोटावर पाय दिला, त्याला बारा वर्षं झाली होती. हे काम आल्यापासून म्हाताऱ्याच्या अंगात वारं शिरलं होतं. त्यांनी दोन नवे ब्रश आणले होते आणि जेवता जेवता ते बोटानं ताटात अक्षरं गिरवत.

ध चं डोकं उघडं, घ चं झाकलेलं, एवढं डोक्यात बसावं म्हणून याच बापानं प्रशीलकडून अख्खी पाटी भरून घेतली होती. ते आठवून प्रशीलला रडूच यायचं बाकी राहिलं. सांगावं तर बाबांच्या हातचं भिंतीचं काम जाणार. त्यानं बापासमोर घु फ्रेममध्ये बसवला आणि मागून खिळे ठोकले.

दुपारी यादव मागच्या खोलीत आडवे झाले, तेव्हा त्यानं पक्कडीनं खिळे उपटले, धु चा कागद घातला आणि फ्रेम पुन्हा बंद केली. भिंतीवरही आपण पेन्सिलीनं आखून द्यायचं, बाबा फक्त रंग भरतील, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला तिन्ही फ्रेमा भिंतीवर चढल्या. रोनक खूश होऊन फोटो काढत होता. बाहेर शिडी लावलेली होती, रंगाचा डबाही उघडला होता. यादव मात्र मधल्या फ्रेमपुढे उभे राहिले, काचेला नाक लागेल इतके जवळ. मग प्रशीलला बाजूला घेऊन हळूच म्हणाले,

"काल तू खिळे उपटलेस. मी जागाच होतो."

"बाबा, फ्रेम जरा तिरकी..."

"आता जवळून पाहिली." मग ते घरच्या बोलीत म्हणाले, "माले आते ध आनि घ सारखाच दिसतस."

प्रशीलनं खिशातून पेन्सिल काढली.

"मी पेन्सिलीनं आखून देतो ना. तुम्ही नुसता रंग भरा. कोणाला कळणार आहे?"

यादवांनी खिशातले दोन्ही ब्रश काढून त्याच्या हातात दिले.

"अक्षर तुझं, तर रंगही तूच भर," ते म्हणाले, आणि भिंतीकडे पाठ करून पायरीवर बसले.