हाराखालचा माइक

या, असे जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून ऐकायची गोष्ट नाही ही. गोष्ट मत्सराची आहे. मत्सर काही शिंगं लावून येत नाही हो. तो चपला दाराबाहेर काढतो, हातात डबा घेऊन येतो, आणि हसतहसत विचारतो, "काका, बरं आहे ना?" तसाच तो अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये देवयानीच्या घरी आला आणि राहिला. कसा राहिला ते सांगायचं आहे.

देवयानी एकेचाळीस वर्षांची. नोकरी सॉफ्टवेअर तपासायची, म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधायची. पण तिचा जीव होता कीर्तनात. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये पुरुषोत्तमकाका कीर्तनाला उभे राहायचे, आणि त्यांच्या मागे झांज घेऊन सहा वर्षं देवयानी उभी राहायची. काका मुलाकडे राहायला आलेले, अडुसष्टीचे. आवाज असा, की सोडा मशीनशी खेळणारी पोरंसुद्धा दारात येऊन थांबत. एकादशीची खिचडी देवयानीकडून जायची, डॉक्टरकडे ड्राइव्ह देवयानी करायची. काका आपले आहेत, असं तिनं कधी कुणाला म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच वाटली नव्हती.

काकांचा एक नेम होता. कीर्तन रेकॉर्ड करू द्यायचे नाहीत. "ते डबाबंद करायची चीज नाही. ज्याला ऐकायचंय त्यानं यावं," म्हणायचे. देवयानीनं तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा नाही. तिला काकांवर एक छोटी डॉक्युमेंटरी करायची होती. त्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण व्हिडिओ पाहून पाहून ती शिकत होती. एक वही केली होती. कुठला शॉट आधी, कुठला नंतर, काका उपरणं घेताना, काका चहा गाळताना. पानंच्या पानं भरली होती. फक्त काकांचा होकार नव्हता.

मग आली अंतरा. पंचविशीची, युनिव्हर्सिटीत रिसर्च करणारी, नागपूरची. एकदाच कीर्तनाला आली, जिलबीचा तुकडा तोंडात असतानाच काकांसमोर उभी राहिली. "काका, तुमच्यावर फिल्म करू? युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून कॅमेरा फ्री मिळतो."

काका म्हणाले, "कर की पोरी."

कर की पोरी. सहा वर्षांची झांज एका बाजूला आणि हे तीन शब्द एका बाजूला. खरं म्हणजे त्याच आठवड्यात काकांच्या घशाच्या ऑपरेशनची तारीख आली होती. स्वरयंत्रावर गाठ होती, नंतर गाता येईल याची खात्री डॉक्टर देत नव्हते. म्हणून म्हातारा मऊ पडला होता. देवयानीला हे ठाऊक होतं. ठाऊक असून उपयोग झाला नाही.

"मग मीही करणार," ती काकांना म्हणाली.

"कर. मी काय कुणाला अडवतोय?"

तिथल्या मराठी मंडळाला गणपतीत दहा मिनिटांची एकच फिल्म दाखवायची होती. ते म्हणाले, दोघी मिळून करा. देवयानी म्हणाली, "एका पोळपाटावर दोघी लाटायला लागल्या की पोळी कुणाचीच गोल होत नाही." तेव्हा ठरलं, ज्या फिल्मचं काम चांगलं होईल ती दाखवायची.

ऑपरेशनआधीचं शेवटचं कीर्तन रविवारी होतं. काकांच्या उपरण्याला एकच माइक लागू शकत होता, आणि तो अंतरानं आधीच लावून टाकला. बोटाच्या पेराएवढा काळा माइक, डाव्या छातीवर. देवयानी आपला नवा रेकॉर्डर घेऊन हॉलमध्ये शिरली तेव्हा अंतरा काकांच्या उपरण्याची घडी नीट करत होती आणि काका हसत होते.

"काकू, तुमचा रेकॉर्डर पेटीजवळ ठेवा ना, तिथं पण छान येईल," अंतरा म्हणाली.

"मला कळतं कुठं ठेवायचं ते," देवयानी म्हणाली, आणि पेटीजवळच ठेवला. घरी तिचा नवरा सत्यजित म्हणाला होता, "अगं, ती तुला काकू म्हणते याचा राग आहे की फिल्मचा?"

पूर्वरंग झाला. कीर्तनाचा पहिला भाग, त्यात काका एक अभंग घेऊन त्याचा अर्थ सोडवत. आवाज नेहमीपेक्षा बारीक, पण लखलखीत. मग मध्यंतर. मध्यंतराला रीत असते, बुवांना बुक्का लावायचा, हार घालायचा, आणि तो हार घालूनच बुवा उत्तररंगाला उभे राहतात, म्हणजे आख्यानाला, गोष्टीला. काका म्हणाले, "आज हार देवयानीनं घालायचा. सहा वर्षं माझ्या मागे उभी आहे, एकदा पुढून येऊ दे."

आता बघा माणसाचं मन. याच वाक्याची ती सहा वर्षं वाट पाहत होती. ऐकून डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. तिनं रेकॉर्डर थांबवला, पहिला भाग सेव्ह केला, पुन्हा लाल बटण दाबलं, आणि हार घेऊन पुढे आली. शेवंतीचा भरगच्च हार होता, तिनंच ओवलेला. तो काकांच्या गळ्यात घालताना तिला माइक दिसला. हार बरोबर त्याच्यावर बसत होता. दोन बोटं सरकवला असता तर मोकळा राहिला असता. नुसतं "अंतरा, माइक बघ गं" म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

ती काही म्हणाली नाही. उलट हार नीट केला. नीट म्हणजे माइकवर दाबून. आणि मग वाकून पाया पडली.

उत्तररंगाला काकांनी स्वतः रचलेलं कुंभारणीचं आख्यान घेतलं. देवासाठी पणत्या घडवणारी कुंभारीण, तिची एकही पणती देवळापर्यंत धड पोचत नाही. काका गायले, रडले, लोकांना रडवलं. देवयानी मागे झांज वाजवत होती आणि तिच्या कानाला त्या सबंध आख्यानात फक्त फुलांची सळसळ ऐकू येत होती.

घरी येऊन तिनं रेकॉर्डर उघडला. पूर्वरंग होता. उत्तररंग नव्हता. या यंत्रांचं असं असतं, पहिल्यांदा बटण दाबलं की ते नुसतं तयार होतं, लाल दिवा लुकलुकतो. दुसऱ्यांदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, मग दिवा स्थिर. हे तिनं स्वतःच्या वहीत, स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं. हार घालायच्या घाईत तिनं एकदाच दाबलं होतं. जिची नोकरी दुसऱ्यांच्या चुका शोधायची, ती दिव्याकडे बघायला विसरली. तिचं लक्ष दुसऱ्याच काळ्या ठिपक्याकडे होतं.

सोमवारी अंतराचा फोन आला. "काकू, हार माइकवर बसला हो. नुसती खरखर येते. कॅमेऱ्यातला आवाज आहे, पण त्यात हॉलचा एसी आणि पोरं, काका विहिरीतून बोलल्यासारखे. मी मूर्ख आहे, काढून परत लावायला हवा होता. तुमच्याकडे आहे ना? प्लीज सांगा आहे म्हणून. फिल्म तुमचीच दाखवू दे, मला नको. फक्त आवाज राहायला हवा यार, गुरुवारी ऑपरेशन आहे."

देवयानी म्हणाली, "माझ्याकडे नाही." एवढंच खरं ती त्या दिवशी बोलू शकली.

गुरुवारी ऑपरेशन झालं. शनिवारी दोघी काकांकडे गेल्या, एकाच वेळी, ठरवून नव्हे. काकांना दहा दिवस मौन. नातीची खडूची पाटी मांडीवर घेऊन बसले होते. अंतरा त्यांना सांगायला लागली, "सॉरी काका, माझ्या हलगर्जीपणामुळे तुमचं आख्यान गेलं." ती तिसऱ्यांदा सॉरी म्हणाली तेव्हा देवयानीच्यानं राहवेना.

"तिची चूक नाही," ती म्हणाली. "मी पाहिला होता माइक."

अंतराला कळलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे पाहिला आणि हार त्याच्यावर बसवला."

"मुद्दाम?"

"हो."

चहाला कढ येत होता, तो उतू गेला तरी कुणी उठलं नाही. शेवटी अंतरा म्हणाली, "मी तीन रात्री झोपले नाही काकू. आणि तुम्ही माझा फोन उचलत होतात." काकांचा चेहरा लाल झाला होता. बोलता येत असतं तर त्या दिवशी काय बोलले असते देव जाणे. त्यांनी पाटीवर खडू इतका जोरात चालवला की तो मोडला.

'आख्यान कोण सांगणार?'

काकांनी मोडका खडू देवयानीकडे रोखला.

"मला यांचा आवाज नकोय माझ्या फिल्ममध्ये," अंतरा म्हणाली.

काकांनी पुसून लिहिलं, 'मला हवा. हिला पाठ आहे.'

आठवड्यानं देवयानीच्या घरी रेकॉर्डिंग झालं. कोटांच्या कपाटात, कारण कपडे असले की आवाज घुमत नाही. एका बाजूला हिवाळ्याचे कोट, दुसऱ्या बाजूला देवयानी, आणि समोर अंतरा, कानाला हेडफोन, हातात माइक. "परत." "परत घ्या." "आता तुम्ही काकांची नक्कल करताय, ती नको, साधं सांगा." सतरा वेळा झालं. देवयानीला घाम फुटला. या पोरीचं बरोबर होतं, हे प्रत्येक वेळी कळत होतं आणि प्रत्येक वेळी नव्यानं टोचत होतं. काका गायचे ती जागा आली तेव्हा ती गायली नाही. नुसती बोलली. अंतरानं हेडफोन काढून कपाटाबाहेर पाहिलं, म्हणाली, "हे ठेवू." कौतुक वगैरे काही नाही.

गणपतीत फिल्म दाखवली. उत्तररंगात चित्र काकांचं, आवाज देवयानीचा, आणि त्याच्याखाली, विहिरीतून आल्यासारखा, काकांचा आवाज. लोक डोळे पुसत होते. शेवटी पडद्यावर नावं आली, 'दिग्दर्शन: अंतरा'. खाली, 'आख्यान: देवयानी'. देवयानीनं पहिली गोष्ट पाहिली ती ही, की दोन्हीची अक्षरं सारखी आहेत का. नव्हती.

काका पुढच्या रांगेत होते. बोलायची परवानगी मिळाली होती, पण गाणं गेलं ते गेलंच. दिवे लागल्यावर ते खरखरीत आवाजात अंतराशी कितीतरी वेळ बोलत राहिले. देवयानीशी बोलले ते एवढंच, "कुंभारणीला जरा घाई केलीस." तिनं मान हलवली, प्रसादाच्या द्रोणांचा ट्रे उचलला, आणि दारापाशी अंतराला स्वतःच्या हातानं पहिला द्रोण दिला. अंतरानं घेतला, थॅंक्यू म्हणाली नाही.

झालं, इथपर्यंतच आहे. मत्सर गेला का, असं विचाराल, तर नाही गेला. आता तो पाहुण्यासारखा बाहेरच्या खोलीत बसतो, स्वयंपाकघरात येत नाही, इतकंच. तेव्हा तुम्ही एक करा. आज देवापुढे दिवा लावाल तेव्हा पुरुषोत्तमकाकांची आठवण काढा, गाता येत नसतानाही दुसऱ्या रविवारी क्लबहाउसमध्ये येऊन बसतात ते. आणि त्यांच्यामागे सहा वर्षं उभ्या राहिलेल्या देवयानीचं नावही घ्या. तिला त्याची गरज काकांपेक्षा जास्त आहे.