पुलावरचा धर्मबाप

"हाड! हाड मेल्या!" उर्राकाने काठी आपटली, तसं पुलावर चढू पाहणारं कुत्रं शेपूट घालून मागे फिरलं. "माणसाआधी हे पूल ओलांडून गेलं असतं तर सगळं पाण्यात. गिओमार, बस तू. हलू नकोस."

सून कठड्याला टेकून बसली होती, सातव्या महिन्याचं पोट दोन्ही हातांनी धरून. आधीची तीन पोटातच गेली होती. अशा बाईने कोआ नदीच्या पुलावर पहाटे बसायचं. जो माणूस पहिला पूल ओलांडेल त्याने नदीचं पाणी पोटावर शिंपडायचं, तोच बाळाचा धर्मबाप. मग मूल जगतं. पण तो भिकारी असो की महारोगी, त्याला परतवायचं नाही. परतवला की मूल गेलं.

आणि हे मूल जगायलाच हवं होतं. त्याचा बाप, उर्राकाचा एकुलता एक लोरेंसो, वसंतात लढाईत गेला. पोर्तुगालचा राजा मेला, त्याची एकच मुलगी शेजारच्या कास्तीलच्या राजाला दिलेली. जावई म्हणाला, गादी माझी. इकडच्यांनी मेलेल्या राजाचा सावत्र भाऊ बसवला. "दोन बोक्यांच्या भांडणात माझा पोरगा गेला," असं उर्राका पाद्र्याच्या तोंडावर म्हणाली होती.

पुलावर पावलं वाजली. एक अनोळखी गडी लंगडत येत होता. डोक्यावर लोखंडी टोप, बाहीवर वाळलेलं रक्त.

"बाई, कास्तीलची हद्द किती लांब आहे?"

बोलण्यावरूनच कळलं. नुकत्याच हरलेल्या लढाईतून पळालेला कास्तीली. गावातले पुरुष कालपासून असल्यांनाच शोधत होते. उर्राकाचा हात कमरेच्या कोयत्यावर गेला.

"सासूबाई, हा नको," गिओमार पुटपुटली. "दुसरं कुणी येईल."

"पहिला तो पहिला." उर्राकाने कोयता सोडला. "ए मुडद्या, बाप्तिस्मा झालाय का तुझा?"

"आं? झालाय की."

"मग टोप काढ आणि नदीतून भरून आण."

"खाली गेलो की ढकलाल मला."

"ढकलायचं असतं तर विचारत बसले असते होय रे?"

तो पाणी घेऊन आला. गिओमारच्या पोटावर शिंपडलं, देवाचं नाव घेतलं. रीत म्हणून धर्मबापाने तिथेच जेवायचं. उर्राकाने त्याच्याकडे न बघता राय धान्याची भाकरी पुढे केली. तो लांडग्यासारखा तुटून पडला.

"तुमच्यातल्याच कुणीतरी माझ्या पोराच्या डोक्यात कुऱ्हाड घातली."

त्याचा घास थांबला.

"थांबू नकोस. खावंच लागतं."

तेवढ्यात गिल गिरणीवाला चार गडी घेऊन आला, हातात विळे. "काकू, बाजूला व्हा! कास्तीली आहे तो!"

"मला डोळे आहेत, गिल."

"मग?"

"माझ्या नातवंडाचा धर्मबाप आहे. याला हात लावलास आणि पोर गेलं, तर तुझ्या गिरणीच्या दारात आणून पुरेन."

"लोरेंसोला मारणाऱ्यांशी सोयरीक? लाज नाही वाटत?"

"सोयरीक कसली! कामापुरता घेतला, आता हाकलतेय. विळा खाली कर, नाहीतर तुझ्या आईला सांगेन, वसंतातल्या लढाईच्या दिवशी तू पिठाच्या कणगीत बसला होतास ते."

बाकीचे हसले. गिल लालबुंद होऊन वाटेतून बाजूला झाला.

धर्मबापाने बाळाला काहीतरी द्यायचं असतं. त्या गड्याजवळ काहीच नव्हतं. त्याने टोप कठड्यावर ठेवला.

"नाव काय ठेवाल?"

"तुझं नाही ठेवणार. चालता हो. पुन्हा या पुलावर दिसलास तर हा कोयता आहे."

तो उघड्या डोक्याने पलीकडे गेला. ऊन पुलावर आलं. गिओमारने उरलेली भाकरी रीतीप्रमाणे नदीत सोडली आणि निघण्यासाठी उठली. उर्राका मात्र टोप हातात घेऊन उभीच. लोरेंसो कातडी टोपी घालून गेला होता, तिनेच चरबी चोळून मऊ केलेली.

तिने टोपातलं पाणी ओतून टाकलं, बोटं फाकवून पंजा आत घातला आणि माप पाहिलं.

लोरेंसोला नीट बसला असता.